आठवा दिवस आणि बाजेवरची आई

मी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीमागच्या एका गल्लीत वाढले. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहायचं. बाळंतपण कुणाच्याही घरी असलं तरी त्याचा वास दोन्ही घरांत दरवळायचा. आमच्याकडून ओवा-शेपाची धुरी, त्यांच्याकडून तुपात परतलेला सुका मेवा घातलेली अछवानी. आमची बाळंतीण सव्वा महिना बाजेवर, त्यांची जच्चा चाळीस दिवस चिल्ल्यात. आम्ही पाचवीला सटवाई पुजायचो, त्यांच्याकडे छठी असायची. मुलगा असला तर पुढे कधीतरी, पोरगं चांगलं पळायला लागल्यावर, त्यांच्या घरी सुन्नतीचा थाट व्हायचा. नवे कपडे, गळ्यात हार आणि घाबरलेले डोळे. सुंता म्हटलं की माझ्यापुढे हेच चित्र उभं राहायचं. मराठीत अंगाई म्हणणारी, लुगडं नेसणारी एखादी आईही मुलाची सुंता करते आणि तीही जन्मानंतर अवघ्या आठव्या दिवशी, हे कळायला मला अलिबाग गाठावं लागलं.

अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ सालचं ‘मागेन आबोथ’ हे सिनेगॉग आहे. कोकणातल्या मराठी ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, ही प्रार्थनेची जागा. त्यांच्या सिनेगॉगांत एक खुर्ची वेगळी ठेवलेली असते. तिच्यावर कुणी बसत नाही. ती एलियाहू हानाबीची, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची. प्रत्येक मुलाच्या सुंतेला तो साक्षीला येतो अशी जगभरच्या ज्यूंची श्रद्धा आहे. बेने इस्राएलांचं त्याच्याशी नातं आणखी जवळचं आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो प्रत्यक्ष येऊन गेला असं ते मानतात आणि घरात काही शुभ घडलं की पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळांचा मलिदा त्याच्या नावानं करतात.

त्यांची कथा थोडक्यात अशी. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढं त्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. गावांवरून केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावं पडली. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. हिब्रू भाषा विसरली गेली, पोथ्या नव्हत्याच. दावीद राहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाला ही माणसं भेटली तेव्हा ती आपलीच आहेत हे त्यानं ओळखलं ते मोजक्या खुणांवरून. शनिवारचा विसावा, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, ‘शमा’ ही एकच प्रार्थना आणि आठव्या दिवशीची सुंता. मला यातली शेवटची खूण फार बोलकी वाटते. ग्रंथ नसताना, पुरोहित नसताना आठवा दिवस चुकू न देणं हे मोजण्याचं काम आहे. आणि बाळ जन्मल्यापासूनचे दिवस बोटांवर मोजतं कोण, तर घरातल्या बायका.

माझा प्रश्न मात्र दुसराच होता. त्या आठव्या दिवशी आई कुठं असते?

माझ्या स्वतःच्या बाळंतपणानंतर आठव्या दिवशी मला टाक्यांमुळे धड मांडी घालता येत नव्हती. दूध उतरून छाती दगडासारखी झालेली, झोपेचं खोबरं झालेलं. अशा अवस्थेत लेकराला नटवून, माणसांनी भरलेल्या सभागृहात न्यायचं, तिथं त्याच्या अंगाला पातं लागताना पाहायचं, हे एखाद्या बाईकडून अपेक्षित तरी आहे का? की तिला मुद्दामच लांब ठेवलेलं आहे? मी या दोन प्रश्नांमध्ये पुष्कळ दिवस अडकले होते.

मूळ आज्ञा पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा बारावा अध्याय बाळंतिणीचा आहे. मुलगा झाला तर आईचे सात दिवस विटाळाचे आणि पुढचे तेहतीस दिवस शुद्ध होण्याचे, असे एकूण चाळीस. तेवढ्या काळात तिनं पवित्र वस्तूला शिवायचं नाही, पवित्रस्थानी जायचं नाही. बाळाच्या सुंतेचं वाक्य या दोन वाक्यांच्या मधोमध येतं. म्हणजे आठवा दिवस ठरतो तो आईचे सात दिवस सरल्यावर. तालमूद या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, विचारलंय, सुंता आठव्याच दिवशी का? उत्तर असं दिलंय की सगळे पाहुणे आनंदात आणि बाळाचे आईबाप मात्र खिन्न, असं होऊ नये. पहिले सात दिवस नवरा-बायकोनं एकमेकांपासून दूर राहायचं असतं. त्यांचं वेगळेपण संपेपर्यंत समारंभानं थांबायचं. धर्मशास्त्राच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात कुणाला तरी त्या दोघांच्या मनाची आठवण झाली, याचं मला अप्रूप वाटतं.

त्याच तालमूदमध्ये बाळंतिणीच्या विश्रांतीचं कोष्टकच आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, विस्तव पेटवायला बंदी. पण पहिले तीन दिवस बाळंतिणीसाठी ती बंदी मोडायची, तिनं ‘मला गरज नाही’ म्हटलं तरी मोडायची. सातव्या दिवसापर्यंत तिनं मागितलं तर मोडायची. तिसाव्या दिवसापर्यंत तिला आजारी माणसासारखं जपायचं. तिच्यासाठी शेगडी पेटवायची ती हिवाळ्यातच नव्हे, ऐन उन्हाळ्यातही. हे वाचताना मला आमच्या घरची बाजेखालची निखाऱ्यांची घमेली आठवली. मे महिन्यात, औरंगाबादच्या त्या उन्हात, आजी बाळंतिणीला शेक देत असे आणि कुणी हसलं तर तिचा पारा चढत असे. हिब्रूत बाळंतिणीला एक शब्द आहे, ‘हाया’. त्याचा सरळ अर्थ ‘जिवंत’. बाळंतपणातून बाई जिवंत उठली हीच बातमी होती, तेव्हाचा तो शब्द असावा.

साम्यं आणखीही सापडतात. आपल्याकडे सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते त्या रात्री दिवा विझू देत नाहीत, बायका जागतात. युरोपातल्या ज्यूंमध्ये सुंतेच्या आदल्या रात्री असंच जागत. लिलिथ नावाची सैतानी बाई बाळाला आणि बाळंतिणीला इजा करील या भीतीनं खोलीत देवदूतांची नावं लिहिलेले ताईत लावत. मुलगा झाल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी पाहुणे जमतात तेव्हा उकडलेले काबुली चणे वाटतात. ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी’ असं ऐकवणाऱ्या आमच्या आत्याबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी या लोकांना लगेच सोयऱ्यांत धरलं असतं.

आता आईच्या हजेरीचं. अब्राहामानं इसहाकाची सुंता आठव्या दिवशी केली, असं उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटलंय. इसहाकाच्या आईचा, सारेचा, तिथं उल्लेख नाही. पण लगेच पुढं तीच बोलते, देवानं मला हसवलं, या वयात मी मुलाला पाजते आहे असं कुणी म्हटलं असतं का, अशा अर्थाचं. मोशेची बायको सिप्पोरा तर याच्याही पुढची. वाटेत मुक्कामी जिवावर बेतलं तेव्हा तिनं धारदार गारगोटी उचलली आणि मुलाची सुंता स्वतःच्या हातानं केली. तालमूदनं पुढं हे कर्तव्य बापाचं ठरवलं, आईला त्यातून मोकळं केलं. बाईनं सुंता केली तर चालते का यावर मात्र तिथं वाद आहे आणि त्या वादात सिप्पोरेचं नाव निघतंच. ख्रिस्तपूर्व १६७च्या सुमाराला ज्यूंवर राज्य करणाऱ्या अंतियोख राजानं सुंतेवर बंदी घातली, तेव्हा बंदी झुगारून मुलांची सुंता करवणाऱ्या आयांना ठार मारलं गेलं. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात त्याची नोंद आहे. ख्रिस्ती शुभवर्तमानातला एक प्रसंगही खरं तर ज्यू घरातलाच आहे. आठव्या दिवशी शेजारी-नातलग जमलेत, बाळाला बापाचं नाव ठेवायला निघालेत आणि बाळाची आई अलीशिबा ठणकावते, ‘नाही, याचं नाव योहान.’ म्हणजे ती तिथं होती आणि बापानंही तेच नाव लिहून दिल्यावर तिचंच म्हणणं खरं झालं.

समारंभ घरातून सिनेगॉगमध्ये गेला आणि आई मागे पडत गेली, असं मला दिसतं. मध्ययुगीन जर्मनीत एखादी मानाची बाई बाळाला घेऊन सिनेगॉगमध्ये येई, तिच्याच मांडीवर सुंता होई. तेराव्या शतकात रोथेनबुर्गच्या रब्बी मेयर यांनी त्याला कडाडून विरोध केला. नटलेल्या बाईनं पुरुषांमध्ये बसणं त्यांना पटेना. मांडीचा मान पुरुषाकडे गेला. आजही पूर्व युरोपीय ज्यूंच्या रीतीत एक बाई आईच्या हातून बाळ घेते, दाराशी आणून पुरुषाच्या हाती देते आणि तिथंच थांबते. जुन्या सिनेगॉगांत बायकांची बसायची जागा बहुधा वरच्या सज्ज्यात. ओल्या बाळंतिणीनं आठव्या दिवशी ते जिने चढावेत ही कल्पनाही नको वाटते.

तरी या रीतींमध्ये आईच्या शब्दाला किंमत दिलेली एक जागा आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दोन मुलगे सुंतेनंतर दगावले असतील, तर त्या आईच्या तिसऱ्या मुलाची सुंता करायची नाही, असं तालमूद सांगतं. बहिणींपैकी एकीचा, मग दुसरीचा मुलगा गेला, अशीही उदाहरणं तिथं आहेत. रक्त न गोठण्याचा आजार आईकडून मुलाला येतो, हे शास्त्राला कळण्याच्या कितीतरी आधी हा धोका आईच्या बाजूनं मोजलेला आहे. रब्बी नाथानांकडे एक आई बाळ घेऊन आली, ते लालबुंद होतं. रक्त अंगात मुरेपर्यंत थांबा, असं ते म्हणाले. दुसऱ्या एका बाळाचा रंग बिघडलेला, तिथंही थांबायला सांगितलं. आजही नवजाताला कावीळ असली तर सुंता पुढं ढकलतात. आठवा दिवस कितीही पवित्र असला तरी बाळाच्या जिवापुढं तो थांबतो.

बेने इस्राएलांमध्ये चाळीस दिवसांची रीत निष्ठेनं पाळली जात असे. मुलगा झाला तर चाळीस, मुलगी झाली तर ऐंशी, आणि मग शुद्धीचं स्नान. मुलीसाठी दुप्पट का, याची उत्तरं अनेक दिली गेली, एकही मला पटलेलं नाही. विटाळ म्हणून पाहिलं तर तो मुलीच्या जन्माचा अपमान आहे. विश्रांती म्हणून पाहिलं तर ऐंशी दिवस कुठल्याही आईला मिळाले तर हवेच आहेत. आपल्या पूर्वजांनी, कोकणात असोत की मराठवाड्यात, बाईची विश्रांती विटाळाच्या भाषेत सांगितली. ‘शिवू नको’ म्हटल्याशिवाय घर तिला चुलीपासून सोडत नव्हतं. आपण विटाळ टाकला हे फार चांगलं केलं. पण त्याच गाठोड्यात बांधलेली विश्रांतीही आपण फेकून दिली. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. ती मिळते दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत. आमच्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी बाई कोपीत बाळंत होते, तिला ना सव्वा महिना, ना सव्वीस आठवडे.

इथं एका बेने इस्राएल बाईंचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. जेरुशा झिराड. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. अॅनेट बेन्सन यांचं काम पाहून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी. होऊन परतल्या आणि पुढं त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. मुंबईत बाळंतपणात बायका कशामुळे मरतात याचा त्यांनी पद्धतशीर तपास केला आणि १९४१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९५०मध्ये देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ स्थापन झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. १९६६ साली पद्मश्री. याच बाईंनी १९२५मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यूंची ‘ज्युईश रिलिजस युनियन’ उभी करण्यात पुढाकार घेतला. बाळंतिणीचा जीव आणि प्रार्थनेतली बाईची जागा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं हाती घेतल्या, हा मला योगायोग वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रसूतीनंतर पहिले चोवीस तास आई-बाळाला देखरेखीखाली ठेवा. मग दोन-तीन दिवसांनी, सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा तपासा. आठवा दिवस आणि चाळिसावा दिवस या वेळापत्रकात जवळपास बसतात. यावरून प्राचीनांना सगळं ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी बायका मरताना पाहिल्या होत्या, बाळं पिवळी पडताना पाहिली होती आणि त्यावरून दिवस मोजले होते. पण तपासायला येणारं माणूस आपल्याकडे सातव्या दिवसानंतर बहुधा बाळाकडेच पाहतं, आईकडे नाही, ही खंत मात्र मी बोलून दाखवते.

भारतात आता चार-पाच हजारच ज्यू उरलेत. त्यांतले बहुसंख्य मुंबई-ठाण्याकडचे बेने इस्राएल. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमध्ये गेलेले त्यांचे भाऊबंद याच्या कितीतरी पट आहेत आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलंय. तिथं सुंता पुष्कळदा हॉलमध्ये होते आणि आई तिथं असते. कुणी जवळ उभी राहते, कुणी पाठ फिरवते, कुणी मुद्दाम बाहेर थांबते. हे तिनं ठरवायचं असतं, एवढंच मला त्यात नवं दिसतं, आणि ते फार मोठं आहे.

बंद दाराआड असली तरी बाळाचं रडणं कानावर पडलं की आईला पान्हा फुटतो. ते तिच्या हाती नसतं, शरीरच ते करतं. सुंतेच्या वेळी बाळाच्या ओठांना द्राक्षारसाचा थेंब लावतात, नाव मोठ्यानं पुकारतात, लोक आशीर्वाद देतात. मग बाळ आईकडे परत येतं. पदर भिजलेला असतो. ते रडत रडतच छातीशी लागतं आणि ते घेऊन येणारी बाई आईच्या कानाशी वाकून त्याचं नाव सांगते.