वेल्डिंगचा उजेड : भाजतो दिवसा, कळते रात्री



उन्हाळवाही आटोपत आली, की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगाव इकडल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे गर्दी होते. कुणाच्या वखराची पास मोडलेली, कुणाच्या कल्टिव्हेटरचा फण वाकलेला, कुणाच्या ट्रॉलीच्या हुकाला चीर गेलेली. मृग तोंडावर असतो, म्हणून प्रत्येकाला घाई. अशा वेळी दुकानात जरा नजर टाका. कारागिराच्या हातात काळ्या काचेची ढाल असते. पण फण धरून बसलेला सालदार, शेजारी उभा असलेला मालक आणि गंमत पाहणारी पोरे यांचे डोळे उघडेच असतात.

त्या निळसर उजेडात डोळ्यांना दिसतात त्याहून वेगळे, न दिसणारे अतिनील किरण भरपूर असतात. उन्हातही ते असतात, पण वेल्डिंगच्या टोकाशी ते फार तीव्र असतात आणि आपण हातभर अंतरावर उभे असतो. हे किरण बुबुळाच्या वरच्या नाजूक आवरणाला भाजतात. उन्हात पाठ करपते, तसेच हे करपणे.

फसवणूक अशी, की त्या वेळी काहीच दुखत नाही. माणूस काम उरकून घरी येतो, जेवतो, निजतो. मग सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. पाण्याच्या धारा लागतात, कंदिलाचा उजेडही सोसवत नाही. "डोळे आले" असे समजून लोक भलताच उपाय करतात.

"मी फक्त टाका मारताना पाहिले" असे पुष्कळजण म्हणतात. पण ठिणगी पडली की डोळा मिटेपर्यंत किरण आत गेलेलेच असतात, आणि दिवसभरातल्या अशा टाक्यांची बेरीज होत जाते. शेजारी चकचकीत पत्रा असेल, तर त्यावरून परतलेला उजेडही लागतो.

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

एक, जो जवळ उभा राहून हात देतो, त्याच्याही डोळ्यांपुढे काच हवी. विजेच्या हात-वेल्डिंगसाठी साधारण 10 ते 12 नंबरची काच लागते. गॅसने पत्रा कापताना 4-5 नंबरची पुरते, पण ती विजेच्या वेल्डिंगला चालत नाही. काचेला तडा गेला असेल, तर ती ताबडतोब बदलावी.

दोन, बाजारातला काळा गॉगल म्हणजे संरक्षण नव्हे. झगमग कमी वाटते, पण वेल्डिंगचा उजेड अडवण्याइतकी ती काच नसते, आणि बाजूनेही किरण शिरतात.

तीन, ज्यांचे काम नाही त्यांनी दूर जावे, आणि उजेडाकडे पाठ करावी. अंतर दुप्पट केले तर उजेडाची तीव्रता चौथाई होते. पोरांना तर दुकानापुढे उभेच राहू देऊ नये. दुकानदाराने जाड पडदा किंवा पत्र्याचा आडोसा लावावा.

चार, ग्राइंडर चालवताना किंवा पोपडा ठोकून काढताना साधा पारदर्शक, बाजूने झाकलेला चष्मा लावावा. तिथे भीती किरणांची नाही, उडणाऱ्या कणाची आहे.

इतके करूनही रात्री डोळे पेटलेच, तर चोळू नका. स्वच्छ गार पाण्यात भिजवलेल्या कापडाची पट्टी ठेवा, अंधाऱ्या खोलीत पडून राहा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. मध, तूप, बटाट्याचा रस, बाळंतिणीचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. बधिर करणारे थेंब वारंवार घातले, तर बुबुळ बरे होण्याऐवजी झिजते. एरवी हे दुखणे एक-दोन दिवसांत ओसरते. ओसरले नाही, किंवा एकच डोळा खुपत राहिला, तर आत लोखंडाचा कण असू शकतो. मग वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघेचे रुग्णालय गाठावे.

आता दुसऱ्या उजेडाबद्दल. गणपती-नवरात्राच्या मिरवणुकीत डीजेबरोबर हिरवे लेझर फिरू लागले आहेत. 2023 च्या गणेशविसर्जनानंतर नाशिकमध्ये असा झोत डोळ्यांवर पडलेले तरुण डॉक्टरांकडे आले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांचे आतले पडदे भाजलेले आढळले. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून आपण कागद जाळतो ना? डोळ्यातले भिंग लेझरचा झोत तसाच मागच्या पडद्यावर आणून ठेवते. त्या पडद्याला दुखणे कळत नाही. म्हणून रात्री जाग येत नाही, सकाळी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काळा डाग दिसतो, एवढेच. वेल्डिंगने भाजलेले बुबुळ बहुधा भरून येते. हा पडदा जळला, तर दृष्टी पुरती परत येईलच असे नाही.

पाठ शिकवताना दाखवायच्या लेझरची ताकद 5 मिलिवॅटच्या आत असावी लागते. मिरवणुकीतल्या यंत्रांची ताकद वॅटमध्ये, म्हणजे हजार मिलिवॅटच्या हिशेबात मोजतात. तेव्हा मंडळाच्या बैठकीत आपणच सांगावे : लेझर नको. जत्रेतली लेझरची बॅटरी पोरांच्या हाती देऊ नये. जागलीला कुणी ती नेलीच, तर माणसाकडे, जनावराकडे किंवा रस्त्यावरच्या गाडीकडे रोखू नये.

वेल्डिंगची साधी हातढाल कपाशीच्या बियाण्याच्या एका पाकिटापेक्षा कमी पैशात येते. यंदा औत दुरुस्तीला न्याल, तेव्हा दुकानदाराला आधी विचारा, "दुसरी काच आहे का?" नसेल, तर आपली विकत घ्या आणि फण धरणाऱ्या माणसाच्या हाती द्या. त्याचे डोळे गेले, तर त्याच्या घरची चूल विझते.