लशीने पकडून दिलेले जंतू

मूल तापाने फणफणलेलं, श्वास भराभर चाललेला, दर श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय. आपल्याकडच्या आया म्हणतात, ‘बाळाचं पोट उडतंय.’ पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या चिमुकल्या देशात अशी कितीतरी मुलं दगावत. न्यूमोनिया आहे हे डॉक्टरांना दिसत होतं. तो कोणत्या जंतूमुळे झाला, याचा मात्र पत्ता लागत नव्हता.

जंतू बसलेला असतो फुप्फुसात खोलवर. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळून टाकतं. घशातला नमुना घ्यावा, तर न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस हा जंतू धडधाकट मुलांच्या घशातही मुक्कामाला असतो. रक्त तपासावं, तर बहुतेकदा त्यात काहीच वाढत नाही. काही मुलांच्या छातीतून थेट फुप्फुसात बारीक सुई घालून डॉक्टरांनी थेंबभर द्रव काढला. त्यात न्यूमोकोकस सापडला आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी, म्हणजे ‘हिब’ही सापडला. पण अशी सुई मोजक्याच मुलांना टोचता येते. बाकीच्यांचं काय?

मग प्रश्नच उलटा मांडला गेला. जंतू हाती लागत नाही ना? मग लस देऊन त्याची वाटच अडवू आणि न्यूमोनिया किती घटतो ते मोजू.

किम मलहॉलंड यांच्या चमूने 1993 पासून गाम्बियातली 42,848 तान्ही बाळं हिबच्या लशीच्या चाचणीत घेतली. त्रिगुणी लस सगळ्यांना मिळाली. निम्म्यांच्या इंजेक्शनात हिबची लसही मिसळलेली होती. कोणाला काय मिळालं, हे ना आईला ठाऊक होतं, ना टोचणाऱ्या नर्सला. 1997 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हिबची लस घेतलेल्या मुलांमध्ये एक्स-रेवर स्पष्ट दिसणारा न्यूमोनिया 21 टक्क्यांनी कमी होता! म्हणजे असा दर पाचातला एक न्यूमोनिया हिबचा होता आणि त्यातले बहुतेक प्रयोगशाळेच्या हातून निसटत होते.

आता पाळी न्यूमोकोकसची. फेलिसिटी कट्स यांच्या चमूने तिथल्याच 17,437 मुलांवर त्याच्या नऊ प्रकारांविरुद्धच्या लशीची चाचणी घेतली. 2005 मध्ये कळलं की एक्स-रेवरचा न्यूमोनिया 37 टक्क्यांनी आणि बालमृत्यू 16 टक्क्यांनी घटले. खरा मोठा गुन्हेगार सापडला होता.

पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोकोकसच्या दहा प्रकारांविरुद्ध लस बनवली, तेव्हा तिची मोठी चाचणीही गाम्बियातल्याच बाळांवर झाली. हिबची लस आज आपल्या पेंटाव्हॅलंट लशीमध्ये असते. न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत मिळते: सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात.

पहिल्या दोन चाचण्यांतच साठ हजारांवर गाम्बियन लेकरं त्यांच्या आयांनी विश्वासाने पुढे केली, म्हणून हे उत्तर मिळालं. आपल्या बाळाचा नवव्या महिन्याचा डोस चुकवणं म्हणजे ते उत्तर हाती असून वाया घालवणं.