रीस्टार्टच्या आधी

एकाच खेपेत आलेले, एकाच रॅकमध्ये वर-खाली बसवलेले दोन डेटाबेस सर्व्हर. प्रोसेसर तोच, मेमरी तेवढीच, लिनक्सची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी. लोड बॅलन्सर दोघांनाही सारखंच काम वाटून देतो. तरीही दुपारनंतर खालचा सर्व्हर उत्तर द्यायला रेंगाळू लागला. अशा वेळी टीममधून येणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "एकदा रीस्टार्ट मारून बघू या का?"

याला माझा ठाम विरोध असतो. आजारी सर्व्हर आणि त्याच्या शेजारीच त्याच कामाखाली धड चालणारा तसाच दुसरा, असे दोघं एकाच वेळी समोर असणं ही फार मोलाची संधी आहे. रीस्टार्ट केला की ती गेली.

वेळ नेमका आमच्या प्रोग्रॅममध्ये जातोय की कर्नलमध्ये, हे आधी पाहायचं. व्हीएमस्टॅटच्या 'एसवाय' रकान्यात कर्नलचा वाटा दिसतो. खालच्या सर्व्हरवर तो ठळकपणे जास्त होता, त्यामुळे डेटाबेसच्या क्वेरी चिवडत बसण्यात अर्थ नव्हता. दोन्हीकडची कर्नल सेटिंग्ज डिफ काढून ताडली, फरक नाही. मग दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून दोन्हीकडे, कोणतं फंक्शन किती वेळ खातंय ते दाखवणारा 'परफ टॉप' चालवला. वरच्या सर्व्हरवर यादीच्या डोक्यावर डेटाबेसची स्वतःची फंक्शन्स होती. खालच्यावर सगळ्यात वर होतं 'रीड एचपीईटी'.

हे नाव दिसलं की अनुभवी माणूस सावरून बसतो. डेटाबेस प्रत्येक क्वेरीच्या मागेपुढे वेळ विचारत असतो. सहसा कर्नल ती टीएससी या प्रोसेसरच्या आतल्या मोजणीवरून देतो आणि त्यासाठी प्रोग्रॅमला कर्नलमध्ये शिरावंही लागत नाही. एचपीईटी मात्र प्रोसेसरच्या बाहेर, चिपसेटमध्ये असतो. त्याच्यावरून वेळ घेणं म्हणजे मनगटावरचं घड्याळ सोडून दर वेळी चौकातल्या टॉवरपर्यंत जाऊन येणं. त्यात कोअर जितके जास्त, तितकी तिथे गर्दी. खात्रीसाठी दोन्हीकडे सिस्टिम कॉल दाखवणारा एस-ट्रेस लावला (चालत्या डेटाबेसवर तो क्षणभरच लावावा, तो स्वतःच काम मंद करतो). खाली 'क्लॉक गेट टाइम'च्या सिस्टिम कॉलची नुसती रीघ होती. वर एकही नाही.

पण कर्नलने घड्याळ बदललंच का? याचं उत्तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये होतं. टीएससी अस्थिर ठरवून बाजूला सारल्याची ओळ तिथे होती आणि वेळ दुपारचीच. कर्नलमधला एक राखणदार दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची गती दुसऱ्या घड्याळाशी ताडतो. फार तफावत दिसली, तर टीएससीवरचा विश्वास काढून घेतो आणि पुढच्या बूटपर्यंत तो परत देत नाही. राखणदाराचा हा कडकपणा मला योग्यच वाटतो. जुन्या प्रोसेसरांत वीज वाचवताना टीएससीची चाल खरोखरच बदलायची, आणि चुकीची वेळ ही संथपणापेक्षा किती तरी वाईट. मात्र दोन घड्याळं वाचण्याच्या मध्येच कुणी प्रोसेसर अडवून धरला, तर धड टीएससीही दोषी ठरतो. 2021मध्ये कर्नलमध्ये यावर उपाय आला : दोन वाचनांमध्ये विलंब झालेला दिसला, तर पुन्हा वाचून पाहायचं. आमचा कर्नल त्याआधीचा होता.

अडवणारा कोण, हेही शेजाऱ्यामुळेच कळलं. टर्बोस्टॅटमध्ये एसएमआय नावाचा रकाना असतो. फर्मवेअर कर्नलला न विचारता प्रोसेसर स्वतःच्या ताब्यात घेतं, त्या प्रसंगांची ती मोजणी. वरच्या सर्व्हरवर आकडा हलत नव्हता, खालच्यावर तो वाढत होता. मग फर्मवेअरच्या आवृत्त्या पाहिल्या. सगळं सारखं म्हणून आलेल्या या जोडीत नेमकी तीच वेगळी निघाली.

रीस्टार्टने हा सर्व्हर तात्काळ बरा झाला असता, हे यातलं सगळ्यात घातक. टीएससी परत आला असता, डीमेसेजमधली ओळ गेली असती, आणि पुढच्या कुठल्या तरी दुपारी तोच संथपणा पुन्हा दारात उभा राहिला असता. 30 जून 2012च्या लीप सेकंदानंतर जगभर जावा आणि मायएसक्यूएल चालवणारे कित्येक लिनक्स सर्व्हर एकाएकी तापले, तेव्हाही दोष कर्नलच्या वेळेच्या हिशेबात होता आणि तिथेही रीस्टार्टने काम भागत होतं.

खालच्याचं फर्मवेअर बदललं, कर्नल दोन्हीकडे नवा टाकला. आता प्रत्येक सर्व्हरवर 'करंट क्लॉकसोर्स' ही फाइल ठरावीक वेळाने वाचली जाते. टीएससीऐवजी दुसरं काही दिसलं, की तो सर्व्हर लोड बॅलन्सरमधून बाहेर काढतात, डीमेसेज आणि एसएमआयचा आकडा साठवतात, शेजारच्या सर्व्हरचेही घेतात, आणि मगच रीस्टार्ट.