मागची दोन चाकं

१९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेल एसएसला गिऱ्हाइकाने मागितलं तर ४५४ घनइंचाचं एलएस-६ इंजिन मिळत असे. कंपनी त्याची ताकद ४५० अश्वशक्ती सांगायची. हे सगळं बळ मागच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरायचं, आणि त्या चाकांवर असायचे एफ ७०-१४ मापाचे टायर. जमिनीला टेकणारा त्यांचा पट्टा वीतभरही रुंद नव्हता. सिग्नल हिरवा झाला की गाडी आधी जागच्या जागी किंचाळायची, धूर काढायची आणि मग पुढे जायची. त्या वेळच्या पोरांना या धुराचंच कौतुक होतं. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत मात्र धूर म्हणजे वाया गेलेला वेळ. मसल कारचा इतिहास इंजिनांच्या आकड्यांत सांगायची रीत आहे. मला तो टायरांवरून वाचायला आवडतो, कारण इंजिनवाले पहिल्या दिवसापासून पुढे होते आणि रबरवाल्यांना त्यांना गाठायला जवळजवळ तीन दशकं लागली.

सुरुवात १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून करावी. मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं मोठं इंजिन बसवायचं, एवढीच युक्ती. टायर होते ७.५०-१४, कडेला लाल रेघ असलेले. दिसायला झोकदार, पण आत रचना जुनीच: दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके टाकलेले. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला नायलॉन टायर म्हणतात, त्याच घराण्यातले. अशा टायरमध्ये बाजूची भिंत आणि रस्त्याला लागणारा माथा वेगळे नसतात. एक हलला की दुसरा वाकतो. वळणावर माथा उचलला जातो आणि पकड सुटते.

यावरचा उपाय फ्रान्समध्ये कधीच सापडला होता. मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ पासून तो विकायला काढला. दोरे आडवे, काठापासून काठापर्यंत सरळ, आणि माथ्याखाली पोलादी पट्टा. त्यामुळे भिंत हवी तशी लवते आणि माथा सपाट राहतो. डेट्रॉईटने तिकडे बरीच वर्षं पाठ फिरवली. कारखान्यांतली यंत्रं बदलावी लागणार होती आणि गाड्यांचं सस्पेन्शनही नव्याने जुळवावं लागणार होतं. मधला मार्ग म्हणून गुडइयरने साठीच्या दशकाच्या अखेरीस पॉलिग्लास आणला. सांगाडा तिरकाच, वर काचतंतूंचे पट्टे. रुंद, बसका, कडेला मोठी पांढरी अक्षरं. मसल कारचं जे चित्र आज डोळ्यांसमोर येतं, त्यात हाच टायर असतो. पकडीच्या बाबतीत त्याचं नाव मोठं आणि लक्षण तेवढं मोठं नाही.

१९७० मध्ये लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३ ही रेडियल टायर घेऊनच कारखान्याबाहेर पडणारी पहिली अमेरिकी गाडी ठरली. पुढच्या काही वर्षांत रेडियल सर्वत्र आला. पण तोवर विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चा तेलाचा फटका यांनी मसल कार संपवल्या होत्या. चांगला टायर आला तेव्हा त्याची गरज असलेलं इंजिन निघून गेलं होतं.

शर्यतीच्या पट्टीवर वेगळंच चाललं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या एम अँड एचने ड्रॅगसाठी म्हणून खास टायर बनवायला घेतले होते. १९६० मध्ये बॉनेव्हिलच्या मिठागरावर ताशी ४०६ मैलांचा वेग गाठणाऱ्या मिकी थॉम्पसनने १९६३ मध्ये स्वतःची टायर कंपनी काढली. हे टायर, म्हणजे ‘स्लिक’, गुळगुळीत, मऊ आणि कमी हवेवर चालणारे. गाडी सुटताना त्यांची भिंत पिळलेल्या फडक्यासारखी सुरकुतते आणि पहिला दणका स्वतःत जिरवते. रस्त्यावर मात्र ते चालत नाहीत, कायद्याने आणि व्यवहारानेही. म्हणून लोक दोन स्लिक डिकीत टाकून शर्यतीला जात, तिथे जॅक लावून चाकं बदलत आणि परतताना पुन्हा बदलत. ज्यांना हा उपद्व्याप नको होता त्यांच्यासाठी ‘चीटर स्लिक’ निघाले: गुळगुळीत टायरवर नावापुरत्या दोन खाचा मारायच्या आणि सरकारी डीओटी शिक्का मिळवायचा. कायदा समाधानी, ड्रायव्हर नाही. पुढे रेडियल आणि मागे असला लवचीक तिरक्या दोऱ्यांचा टायर असला की हमरस्त्यावर गाडीची शेपटी आपल्या मर्जीने डुलते. पुढची-मागची जात वेगळी ठेवू नये हा सल्ला तेव्हापासूनचा आहे आणि आजही तेवढाच खरा आहे.

मसल कार संपल्यानंतरच्या वर्षांत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बहुतेकांनी बीएफ गुडरिचचा रेडियल टी/ए लावला. पांढरी अक्षरं आहेत, पंधरा इंची मापं आहेत, सरळ चालतो. त्याच्या झिजेचा सरकारी अंक ४०० आहे, म्हणजे चाचणीच्या पायाभूत टायरच्या चौपट टिकाऊ. पण इतकं टिकणारं रबर कडकच असणार. चारशे अश्वशक्तीच्या जोराखाली तो जागीच फिरत राहतो.

खरा बदल झाला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि त्याला निमित्त ठरली जुनी मसल कार नव्हे तर ऐंशीच्या दशकातली चौकोनी फोर्ड मस्टँग. पाच लिटरच्या या स्वस्त गाडीला टर्बो, सुपरचार्जर, नायट्रस जे हाती लागेल ते जोडून पोरं पाव मैल धावत होती आणि त्याच गाडीने सोमवारी कामावर जात होती. त्यांच्यासाठी बीएफ गुडरिचने ड्रॅग रेडियल बाजारात आणला. सांगाडा रेडियलचा, रबर शर्यतीचं, खाचा कायद्यापुरत्या. मागोमाग मिकी थॉम्पसन, निट्टो, टोयो, हूझियर, एम अँड एच सगळे आले.

या टायरचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. स्लिक थोडा घसरत घसरत पकडतो. सुटलाच तर पुन्हा सावरतो. ड्रॅग रेडियल एक तर एकदम चिकटतो, नाहीतर सुटतो, आणि सुटला की ती धाव गेली म्हणून समजा. वेग वाढला की स्लिक फुगून उंच होतो, रेडियलचा पट्टा त्याला फुगू देत नाही. शेवटच्या टप्प्यात गाडी स्थिर राहते आणि टायर चाकाचा रेटाही कमी खातो. टायर तापवायचा बर्नआउटही त्याला बेताचाच लागतो, धुराची पहिली रेघ दिसली की बस. आणि सुटण्याच्या जागेआधी पाणी टाकलेलं असतं, त्याला वळसा घालून जायचं. खाचांत पाणी राहिलं की ते नेमकं सुटतानाच बाहेर येतं. रस्त्यावर तीसच्या आसपास असलेली हवा पट्टीवर सोळा ते वीस पौंडांपर्यंत उतरवायची. रेडियलची भिंत स्लिकइतकी सुरकुतत नसल्यामुळे पहिला दणका जिरवायचं काम आता सस्पेन्शनवर आलं, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट.

इथेच जुन्या मसल कारची खरी परीक्षा सुरू झाली. चाक फिरत होतं तोवर ते एका अर्थाने फ्यूजचं काम करत होतं. चाक चिकटलं आणि मग मागचे पाटे मुरगळायला लागले, युनिव्हर्सल जॉइंट तुटू लागले, शेव्हरोलेचे हलके दहा बोल्टचे डिफरन्शियल फुटू लागले. फोर्डचा नऊ इंची ॲक्सल किंवा डेना ६० यांना जुन्या सुट्या भागांच्या बाजारात भाव आला, त्यामागे ड्रॅग रेडियलचा हात मोठा आहे असं मी मानतो. टायरांचा जोड घेताना त्याच्या किमतीपेक्षा पुढे काय तुटणार याचा हिशेब आधी करावा.

मापाचा प्रश्नही सरळ नाही. शेव्हेलच्या मागच्या कमानीत योग्य रिमवर २७५/६० आर १५ बहुधा बसतो. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये कापाकापीशिवाय तेवढी रुंदी मावत नाही. २७५/६० ची उंची २८ इंच, २७५/५० ची जेमतेम २६. फरक किरकोळ दिसतो, पण ४.१० चा डिफरन्शियल आणि सरळ चौथा गिअर असेल तर ताशी ६० मैलांना २६ इंची चाकावर इंजिन ३,२०० च्या आसपास फिरतं आणि २८ इंचीवर २,९५० च्या. उंच टायरने हमरस्ता सुसह्य होतो. सुटतानाचा जोर मात्र ४.१० ऐवजी ३.८० लावल्यासारखा होतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी उंच टायरच घेईन. शिवाय आता नव्या गाड्यांनी सतरा-अठरा इंचांची वाट धरल्यामुळे पंधरा इंचांत चांगली पकड असलेले टायर फारसे उरलेच नाहीत. कधीही शर्यतीला न जाणारे कित्येक जण केवळ एवढ्याचसाठी ड्रॅग रेडियल लावतात.

त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, पाऊस आणि थंडी. उथळ खाचांचा रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो. मऊ रबर थंडीत कडक होतं आणि गोठणबिंदूच्या खाली त्याला भेगा पडू शकतात. मिशिगनच्या हिवाळ्यात तापवलेलं गॅरेज नसेल तर चाकं काढून घरात ठेवलेली बरी. निट्टो एनटी५५५आरसारख्या टायरचा झिजेचा अंक १००, एनटी०५आरचा शून्य. ज्याची गाडी वर्षातून नऊशे मैल रस्त्यावर आणि एक मैल पट्टीवर चालते, त्याने शून्याच्या मोहात पडू नये. २००५ मध्ये हॉट रॉड मासिकाने ड्रॅग वीक सुरू केला. पाच दिवस वेगवेगळ्या पट्ट्यांवर शर्यत आणि मधला सुमारे हजार मैलांचा प्रवास त्याच गाडीने. त्यात भिजलेल्या हमरस्त्यावर टायर कसा वागतो हे जेवढं कळतं, तेवढं कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही.

२०१८ मध्ये डॉजने चॅलेंजर डीमन काढली, ८४० अश्वशक्तीची, आणि कारखान्यातूनच तिच्या चारही चाकांवर ३१५/४० आर १८ चे निट्टो ड्रॅग रेडियल चढवले. २०२३ च्या डीमन १७० ला मागे मिकी थॉम्पसनचे टायर होते आणि कंपनीने ८.९१ सेकंदांची पाव मैलाची वेळ जाहीर केली. अर्धशतकानंतर इंजिन आणि टायर एकाच दिवशी शोरूममध्ये आले.

आणि तरीही अमेरिकेत फास्ट नावाची एक स्पर्धा आहे, जिथे गाडी बाहेरून कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे आणि टायर जुन्या मापाचेच, तिरक्या दोऱ्यांचे, म्हणजे पॉलिग्लासची नव्याने पाडलेली नक्कल लागते. त्या वीतभरही नसलेल्या पट्ट्यावर तिथल्या गाड्या दहा सेकंदांच्या घरात पाव मैल जातात. स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, क्लच आणि उजव्या पायाचा अंगठा यांवर त्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. रुंद टायर लावायची त्यांना परवानगीच नाही.