पाणी वाचवा, पण हात धुऊन!

उन्हाळा तोंडावर आला की शाळाशाळांतून पाणीबचतीचे तक्ते लागतात. 22 मार्चला, जागतिक जलदिनी, प्रभातफेऱ्या निघतात. हे योग्यच आहे. परंतु डॉक्टर या नात्याने मला एक काळजी वाटते. लहान मूल ऐकलेली गोष्ट शब्दशः घेते. एका शाळेत आरोग्य तपासणीला गेलो असता तिसरीतल्या मुलाने मला विचारले, ‘‘डॉक्टर, पाणी वाचवायचं तर संडासला जाऊन आल्यावर हात नुसतं पुसलं तर चालतंय काय?’’ त्याचे काही चुकले नव्हते. त्याला धडा अर्धाच मिळाला होता.

पाणी कुठे वाचवायचे आणि कुठे मुळीच वाचवायचे नाही, या दोन्ही गोष्टी मुलांना एकदमच सांगायला हव्यात. सुरुवात नदीपासून करावी. आपली पंचगंगा घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून ती होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, हे मुलांना पाठ असते. पण वरच्या गावाने नदीत सोडलेली घाण खालच्या गावाच्या घागरीत येते, हे कुणी सांगत नाही. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचे प्राणही गेले. अशी कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरते. गरोदर स्त्रियांना तर ती फार घातक ठरू शकते.

हे मुलांना समजावायला मोठे व्याख्यान नको. शाळेच्या अंगणात खडूने नदी काढा. प्रयाग चिखली, कोल्हापूर, इचलकरंजी, नृसिंहवाडी अशा ठिकाणी मुले उभी करा. पहिल्याच्या हाती पाण्याची बाटली द्या. पुढच्या प्रत्येकाने तीत चिमूटभर काहीतरी टाकायचे. कुणी माती, कुणी राख. वाडीला पोचलेले पाणी पिणार का, असे विचारा. नंतर एका पेल्यात उकळून गार केलेले पाणी घेऊन मीठ विरघळवा. डोळ्यांना काही दिसत नाही, जिभेला मात्र कळते. जंतू तर जिभेलाही कळत नाहीत. म्हणून नितळ पाणी शुद्ध असेलच असे नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरतील याची खात्री नसते. त्यासाठी पाणी खळखळून उकळावे, किंवा बाटलीवरील सूचनेप्रमाणे क्लोरीनचे द्रावण घालून अर्धा तास थांबावे.

आता बचत. आम्ही सलाईन लावताना साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतो. नळातून सेकंदाला असा एकच थेंब गळला तरी दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे चार लिटरहून अधिक पाणी जाते. मुलांना गळक्या नळाखाली तासभर भांडे ठेवू द्या, औषधाच्या मापाने मोजू द्या आणि 24 ने गुणू द्या. गणिताचा तासही होईल आणि मूल घरी जाऊन वायसर बदलायला लावील. कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देणे हाही एक अपव्यय. झाकून ठेवलेले, ओगराळ्याने काढलेले शुद्ध पाणी एका रात्रीत खराब होत नाही. भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे.

आता जिथे बचत नको त्या तीन जागा. पहिली, हात. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबण हवाच. नळ सोडून ठेवण्याची गरज नाही. हात चोळताना नळ बंद ठेवावा किंवा एकाने तांब्याने पाणी घालावे, थोड्या पाण्यात काम होते. दुसरी, पिण्याचे पाणी. लघवी गडद पिवळी होत असेल तर मूल पाणी कमी पिते आहे, असे समजावे. पुष्कळ मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण संडासात पाणी नसते. लघवी तुंबवून धरल्याने पुढे जळजळ आणि ताप घेऊन त्या आमच्याकडे येतात. तिसरी, साठवणीची भांडी. पाणी भरून ठेवले की डेंग्यूचा डास त्यात अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून भांडी घट्ट झाकावीत आणि आठवड्यातून एक दिवस रिकामी करून घासावीत. खर्चाचे ते पाणी झाडांना जाऊ द्या, वाया जाणार नाही.

पालकहो, शाळेत गेलात तर भिंतीवरचे तक्ते जरूर पाहा. पण त्याआधी संडासाचा नळ सोडून पाहा. तिथे पाणी आणि साबणाची वडी नसेल, तर शिक्षक-पालकांच्या पुढच्या सभेत पहिला विषय तोच घ्या.