डबल सीटचा हिशेब

१,३०० रुपये. रोज १५ किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला हीरो स्प्लेंडर प्लस आणि होंडा शाइन १२५ यांच्या पेट्रोलखर्चात वर्षभरात पडणारा फरक साधारण एवढाच. शोरूममध्ये पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?"

रस्त्यावर स्प्लेंडर लिटरला ६५ आणि शाइन ५५ किलोमीटर देते असे धरू. पेट्रोल १०४ रुपये धरू. म्हणजे किलोमीटरमागे पहिलीला १ रुपया ६० पैसे, दुसरीला १ रुपया ८९ पैसे. वर्षाचे ३०० दिवस धरले तर रोज ४० किलोमीटरवाल्याचे वर्षाला ३,५०० रुपये वाचतात, महिन्याला तीनशेच्या आत. रोज १०० किलोमीटर फिरणाऱ्या एमआरचा किंवा डिलिव्हरीवाल्याचा फरक मात्र पावणेनऊ हजारांच्या घरात जातो. त्याने डोळे झाकून स्प्लेंडर घ्यावी.

बाकीच्यांनी आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: मागे कोण बसणार आहे?

स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, ताकद ८ पीएस. शाइनचे १२३.९४ सीसी, ताकद सुमारे १०.७ पीएस. टॉर्क अनुक्रमे ८.०५ आणि ११ न्यूटन-मीटर. वजनात मात्र एखाद-दोन किलोचाच फरक, दोन्ही ११२ ते ११४ किलोच्या आसपास. आता ७० किलोचा माणूस बसवा. दर १०० किलोमागे स्प्लेंडरच्या वाट्याला ४.४ पीएस येतात, शाइनच्या ५.८. मागे तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस बसला की स्प्लेंडर ३.२ वर येते आणि शाइन ४.२ वर. म्हणजे दोघांना घेऊन जाणारी शाइन जवळपास एकट्याला नेणाऱ्या स्प्लेंडरइतकीच मोकळी धावते. मला या दोन गाड्यांमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो आणि कोणत्याही ब्रोशरमध्ये तो छापलेला नसतो.

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, समोरून एसटी येताना दिसत असते. मागे बायको, मध्ये लेकरू. अशा वेळी गिअर खाली टाकून ॲक्सिलरेटर पिळला तरी कमी ताकदीची गाडी रखडतच राहते आणि ओव्हरटेक लांबत जातो. तिथे हे पीएस कामाला येतात. घाटातही तेच. डबल सीट नेहमीची असेल तर शाइनच घ्या, तीही पुढे २४० मिलिमीटरची डिस्क असलेली.

सरकारी खर्चात फारसा फरक नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो दोघींनाही सारखाच. ७५ ते १५० सीसीचा थर्ड पार्टी विमा एकाच गटात येतो, २०२२ च्या दरपत्रकात नव्या गाडीसाठी पाच वर्षांचे ३,८५१ रुपये. महाराष्ट्रात ९९ सीसीच्या आतल्या गाडीला रोड टॅक्स १० टक्के, त्यावर २९९ पर्यंत ११ टक्के. इथे स्प्लेंडरवाल्याचे थोडे पैसे वाचतात.

खरी गळती कर्जात आहे. ७० हजारांचे कर्ज, तीन वर्षे, "फक्त १० टक्के". हे १० टक्के फ्लॅट असतील तर व्याज २१,००० रुपये आणि हप्ता २,५२८. तेच १० टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता २,२५९ आणि व्याज साधारण ११,३००. फरक ९,७०० रुपयांचा. रोज ४० किलोमीटर चालवून स्प्लेंडरने तीन वर्षांत वाचवलेले साडेदहा हजार जवळजवळ सगळे इथेच जातात. दहा किलोमीटरच्या ॲव्हरेजसाठी महिनाभर चौकशी करणारी माणसे हप्त्याच्या कागदावर पाच मिनिटांत सह्या करतात, हे बघून फार वाईट वाटते. व्याज फ्लॅट आहे की घटते, हे तोंडी नको, लिहून घ्या. कोटेशनमधल्या प्रत्येक रकमेपुढे ती कशाची आहे तेही लिहायला लावा.

टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. रोज मागे बसणाऱ्या माणसालाच सोबत न्या आणि शोरूमजवळ एखादा उड्डाणपूल असेल तर दोन्ही गाड्या त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये घालून बघा.