वायफाय जोडलंय, पण नेट नाही

रेल्वे स्टेशनवर फोन वायफायला जोडलेला दिसतो, पण एकही पान उघडत नाही. बहुतेकदा फोन बिघडलेला नसतो. दारावरची नोंद राहिलेली असते. अशा ठिकाणी आधी लॉगिनचं पान येतं. त्यात मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकल्याशिवाय वाट खुली होत नाही. (ओटीपी एसएमएसने येतो, म्हणजे रेंज हवीच. गंमतच आहे!)

हे पान न येण्यामागे पुष्कळदा आपणच लावलेली कुलपं असतात. हॉटस्पॉट तुमची पहिली विनंती अडवून आपल्या पानाकडे वळवतो, पण कूटबद्ध विनंती त्याला अशी वळवता येत नाही. म्हणून व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइड ९ पासून आलेल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये एखादा ठरावीक सर्व्हर भरलेला असेल, तर तात्पुरतं ‘ऑटोमॅटिक’ निवडा. मग ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपीएस’ नसलेला साधा पत्ता टाका. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट त्यासाठीच आहे. लॉगिनचं पान बहुधा लगेच उघडतं.

तरीही अडलंच, तर फोनची तारीख-वेळ तपासा आणि ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. आत शिरलात की व्हीपीएन परत चालू करायला मात्र विसरू नका.